कानाचे टोक कापलेली मांजर

आश्रयगृहाच्या पिंजऱ्यात अंग आखडून बसलेल्या एखाद्या भटक्या मांजरीच्या कानाचे टोक सरळ कापलेले दिसले, तर ती जखम नसून निर्बीजीकरणाच्या वेळी भूल देऊन केलेली खूण असते, हे ध्यानी घ्यावे. अशी मांजर दत्तक देण्यापूर्वी अनेक आश्रयगृहे अर्ज घेतात, गृहपाहणी करतात आणि खिडक्यांना जाळी बसविल्याखेरीज करारनाम्यावर सही होऊ देत नाहीत. ही अट कित्येकांना जाचक वाटते, मला मात्र ती सर्वांत मोलाची वाटते, कारण उंच मजल्यावरून पडून मांजरे खरोखरच दगावतात. लसीकरणाचा दाखला अवश्य मागून घ्यावा आणि आरंभीचे काही दिवस तिला एकाच खोलीत निवांत राहू द्यावे. पुढे कंटाळून तिला उपाशीतापाशी रस्त्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये गुन्हा आहे.