नस सावरेपर्यंत हाताची राखण

दुचाकी घसरली, दंडाचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून प्लेट बसवली. दीड-दोन महिन्यांत हाड जुळत आले. पण मनगट काही वर उचलत नाही. हात पुढे केला की पंजा खाली लोंबतो. डॉक्टर सांगतात, ‘नसेला मार बसला आहे, थोडी वाट पाहू.’ घरात मात्र वाट पाहायला कोणी तयार नसते. कोणी तेलाची बाटली आणून देतो, कोणी हाडवैद्याचा पत्ता सांगतो आणि आई रोज रात्री मुलाचा हात मांडीवर घेऊन चोळू लागते.

या चोळण्याचा उपयोग होतो का? होतो. पण घरच्यांना वाटते त्या कारणाने नव्हे.

बोलण्यात आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे प्रश्न मज्जातंतूचा आहे. मनगट उचलणारी रेडियल नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून जाते, म्हणून हाड मोडताना ती सापडते. नसेच्या दुखापतीचे सेडन यांनी १९४३ मध्ये तीन प्रकार सांगितले, ते आजही वापरले जातात. पहिल्या प्रकारात नसेला फक्त धक्का बसतो, ती काही आठवड्यांत आपोआप कामाला लागते. दुसऱ्यात आतले धागे तुटतात, पण बाहेरची नळी शाबूत राहते. तिसऱ्यात नसच तुटते आणि ती जोडावी लागते.

दुसऱ्या प्रकारात तुटलेल्या जागेपुढचा धागा मरतो आणि नवा धागा त्याच नळीतून रोज साधारण १ मिलिमीटर वाढत जातो. दंडाच्या मध्यापासून कोपराजवळच्या स्नायूपर्यंत १० ते १२ सेंटिमीटर अंतर धरले, तर तिथे पोहोचायलाच तीन-चार महिने लागतात. तेल कोणतेही असो, चोळण्याने हा वेग वाढतो असे माणसांत सिद्ध झालेले नाही. उंदरांवरील काही प्रयोगांत हालचाल लवकर सुधारल्याचे दिसले. पण त्यावरून रुग्णाला आश्वासन देता येत नाही.

मग उपयोग कशाचा? नस येईपर्यंतच्या काळात हात खराब होऊ न देण्याचा. हालचाल नसलेल्या हाताला सूज येते, बोटांचे सांधे आखडतात, शस्त्रक्रियेचा व्रण खालच्या थरांना चिकटतो. हलक्या हाताने बोटांकडून कोपराकडे केलेल्या मालिशने सूज उतरायला मदत होते, व्रण मोकळा राहतो, कातडी मऊ राहते. मालिशनंतर दुसऱ्या हाताने प्रत्येक सांधा पूर्ण हलवणे आणि मनगटाला स्प्लिंट लावणे तितकेच गरजेचे. नस परत आली, पण सांधे आखडून बसले, तर स्नायू हलवणार तरी काय?

वेदनेवरही स्पर्शाचा परिणाम होतो. लागल्यावर आपण ती जागा नकळत चोळतो. स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, अशी उपपत्ती मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली. कपड्याचा स्पर्शही सहन न होणाऱ्या हाताला आधी कापूस, मग सुती कापड, मग टॉवेल अशी सवय लावण्याची पद्धत फिजिओथेरपीत रूढ आहे.

काही पथ्ये मात्र कडक आहेत. बधिर कातडीला चटका कळत नाही. म्हणून गरम तेल, गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक बंद. तेल कोमट आहे की नाही ते चांगल्या हाताने पाहावे. हाड जुळलेले नसताना, जखम ओली असताना किंवा ताप-लाली असताना चोळू नये. पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर मुळीच चोळू नये; आत रक्ताची गुठळी असू शकते. ‘नस बसवतो’ म्हणून कोणी झटका देत असेल, तर हात त्याच्या हाती देऊ नये.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेळ निघून जाण्याचा आहे. नसेशिवाय राहिलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. त्यानंतर नस पोहोचली तरी उपयोग नसतो. म्हणून तीन महिन्यांत काहीच सुधारणा दिसली नाही, तर नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी तपासणी करून नसेच्या शस्त्रक्रियेबद्दल तज्ज्ञाचे मत घ्यावे. काच किंवा कोयत्याने कापून हात लुळा पडला असेल, तर थांबायचेच नाही. ‘मालीश चालू आहे, पडेल फरक’ म्हणत आठ-दहा महिने घालवून आलेल्या रुग्णाला देण्यासारखे फार थोडे उरते.

सुधारणेची एक खूण घरीही कळते. नसेच्या वाटेवर बोटाने टिचकी मारली की झिणझिण्या येतात. ती जागा महिन्यागणिक खाली सरकत असेल, तर धागे वाढत आहेत. या झिणझिण्यांना घाबरू नये.

आईने हात जरूर चोळावा. फक्त अपघाताची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि तिथून तीन महिने मोजावेत.