दोन मिनिटांची ओपीडी आणि हातातला मोबाईल

सरकारी दवाखान्यात सकाळी रांग लावायची, केसपेपर काढायचा, दुपारी कधीतरी डॉक्टरसमोर बसायचं. बाहेर गर्दी एवढी की आपल्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं. त्यात पहिला प्रश्न ठरलेला, "आधी काय औषध चालू होतं?" आणि आपलं उत्तरही ठरलेलं, "ती छोटी पांढरी गोळी." आता पांढऱ्या गोळ्या शेकडो असतात. मागचे कागद पावसात भिजलेले, नाहीतर गावच्या पेटीत. मग तपासण्या पहिल्यापासून आणि आणखी एक रोजी बुडते.

वस्तीत काम करताना हे आम्ही सतत पाहतो. घरात एखादा मोबाईल असतोच. ही दोन मिनिटं कारणी लावायला तो नीट वापरता येतो.

आधी कागद जपा

केसपेपर, रक्ताचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची पट्टी, प्रत्येकाचा स्वच्छ उजेडात फोटो काढा. पट्टीवरचं औषधाचं नाव आणि 'एमजी'चा आकडा दिसला पाहिजे. फोटोंचा वेगळा अल्बम करा, त्याला पेशंटचं नाव द्या. बीपी-शुगर मोजली की आकडा तारखेसकट लिहून ठेवा.

लिहिता येत नसेल तर आपले तीन प्रश्न आदल्या रात्री आपल्याच आवाजात रेकॉर्ड करा. बाहेर पडताना सिस्टरला किंवा औषध देणाऱ्यांना विनंती करा, "गोळ्या कशा घ्यायच्या ते यात बोलून द्या." घरी सासूबाईंना ते दहा वेळा ऐकवता येतं. पण परवानगी विचारूनच रेकॉर्ड करा.

दवाखान्याने कागद दिलेच नाहीत तर? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यावर डॉक्टरने ७२ तासांत कागद द्यायचे असतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या आणि पोचेचाही फोटो काढा.

घरबसल्या डॉक्टर

केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही मोफत सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२० पासून घरूनही मोबाईलवर डॉक्टरशी बोलता येऊ लागलं. स्मार्टफोन नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. तिथले आरोग्य अधिकारी आपल्यासमोर मोठ्या डॉक्टरला व्हिडिओवर जोडून देऊ शकतात. चिठ्ठी मोबाईलवर येते.

फोनवरच्या तपासणीचे नियम २५ मार्च २०२० ला आले. डॉक्टरने आपलं नाव आणि शिक्षण सांगायचं असतं, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायला हवा. तेवढं विचारायला संकोच नको. मात्र छातीत कळ, अर्धं अंग लुळं पडणं, फिट येणं, गरोदरपणात रक्तस्राव, अशा वेळी व्हिडिओची वाट पाहू नका. सरळ १०८ लावा.

साध्या फोनचीही ताकद

टीबीच्या उपचारात '९९डॉट्स' नावाची पद्धत आपल्या देशात वापरली गेली. गोळ्यांच्या पाकिटाला कागदी आवरण असायचं. गोळी काढली की आत दडलेला फोन नंबर दिसायचा, त्यावर पेशंटने मिस्ड कॉल द्यायचा. स्मार्टफोन नको, पैसे नकोत. कॉल आला नाही की कर्मचाऱ्याला कळायचं, या पेशंटची विचारपूस करायला हवी. अर्थात मिस्ड कॉल दिला म्हणजे गोळी गिळलीच असं नव्हे. म्हणूनच घरी येऊन "कसं वाटतंय?" विचारणारं माणूस लागतंच. यंत्र निरोप देतं, पुढचं काम माणसाचं.

आभा म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे

या दोन्हींत फार गोंधळ होतो. आभा हा आपल्या आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडणारा १४ अंकी नंबर. त्याने बिल माफ होत नाही. मोफत उपचारासाठी लागतं ते आयुष्मान कार्ड वेगळं. आभा काढणं ऐच्छिक आहे. ते नाही, म्हणून उपचार नाही, असं कुणी म्हणालं तर "आभा सक्तीचं नाही" एवढं शांतपणे सांगा आणि केसपेपर मागा. आभातल्या नोंदी दुसऱ्या दवाखान्याला दाखवायला आपली संमती लागते. म्हणून मोबाईलवर 'मान्य' दाबण्याआधी कुणाला, काय आणि कशासाठी दाखवायचं ते विचारा. फोन करून ओटीपी मागणाऱ्या अनोळखी माणसाला तो कधीच देऊ नका.

फोन कुणाच्या हातात?

दवाखान्यात बाईच्या नावापुढे बहुतेक वेळा नवऱ्याचा नंबर लिहिला जातो. मग तिच्या तपासणीचा निरोप त्याला जातो, ती घरात वाट पाहत बसते. एचआयव्ही, टीबी, गर्भपात, मनाचा आजार, यांची बातमी चुकीच्या हातात पडली तर घर मोडतं, कामही जातं. तायांनो, स्वतःचा फोन असेल तर स्वतःचाच नंबर द्या. नसेल तर विश्वासातल्या मैत्रिणीचा किंवा बहिणीचा द्या आणि तो कुणाचा आहे ते आशाताईंना सांगून ठेवा. रिपोर्टचे फोटो वस्तीच्या ग्रुपवर टाकू नका, मदतीसाठी पैसे गोळा करतानाही नाही.

ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांचा उपचाराचा हक्क कणभरही कमी होत नाही. तिथे आपल्या तरुणांचं काम आहे. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा मोबाईल चालवणाऱ्या एकेका मुलामुलीने आपल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाशेजारी बसावं. त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून द्यावीत. घरच्या फोनमध्ये त्या कागदाचा फोटो ठेवावा. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढच्या ओपीडीत "ती पांढरी गोळी" म्हणायची वेळ येणार नाही.