आवाज कसा निघतो?

लंडनमध्ये गायन शिकविणाऱ्या मॅन्युएल गार्सिया यांना एकच ध्यास लागला होता. सूर निघत असताना गळ्यात काय घडते, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. १८५४ साली त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा लहानसा आरसा घेतला, श्वासाने तो धुरकटू नये म्हणून गरम पाण्यात बुडवून पुसला आणि आपल्याच पडजिभेपाशी धरला. दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यकिरण टाकताच त्यांना स्वतःचे स्वरयंत्र दिसले!

स्वरयंत्र म्हणजे श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशी असलेली कूर्चेची पेटी. तिच्या आत डावीउजवीकडे दोन मऊ घड्या असतात. त्यांना स्वरतंतू हे नाव पडले आहे. पण त्या काही सतारीच्या तारा नव्हेत, त्यांचे साम्य ओठांशी अधिक. स्वस्थ श्वास घेताना त्यांच्यामधील फट मोकळी असते. बोलू लागताच त्या जवळ येऊन फट मिटवितात. फुप्फुसांतून येणारी हवा खालून दाब देते, फट किंचित उघडते, हवेचा झोत निसटतो आणि घड्या पुन्हा मिटतात. ही उघडझाप पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला सुमारे १०० वेळा, तर स्त्रीच्या गळ्यात सुमारे २०० वेळा होते.

यातून निघतो तो केवळ गुणगुणाट. त्याचे शब्द बनवितात ते जीभ, टाळू, दात व ओठ. गळ्यावर बोटे ठेवून 'म' लांबविला, तर कंप जाणवतो. 'स' लांबविला, तर जाणवत नाही. 'ग' आणि 'क' यांतही मुख्य भेद या कंपाचाच आहे. म्हणून व्याकरणात एकाला घोष व दुसऱ्याला अघोष म्हणतात. आपल्या प्राचीन प्रातिशाख्यकारांनी तर या भेदाचे मूळ कंठाच्या उघडमिटीत आहे, हे आरशावाचूनच ओळखले होते.

बाराचौदा वर्षांच्या सुमारास मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. घड्या लांब व जाड होतात आणि त्यांचा कंप मंदावतो. मुलींच्या गळ्यातही हा बदल होतो, परंतु थोडा. वाढलेल्या घड्या कितपत ताणाव्यात, हे गळ्याला अजून उमगलेले नसते. त्यामुळे वर्गात कविता म्हणता म्हणता एखाद्याचा आवाज मध्येच चिरकतो आणि सारा वर्ग हसतो. बिचारा पुन्हा तोंड उघडायला धजत नाही. यालाच आवाज फुटणे म्हणतात. हा काही रोग नव्हे. गळ्याला नव्या घड्यांची सवय झाली, की काही महिन्यांत आवाज स्थिरावतो. हसणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांची पाळी तेवढ्यात येऊन ठेपलेली असते.