काटा खोटं बोलतो तेव्हा

माझ्या मित्राची गाडी सेकंडहँड, पण टर्बो नवाकोरा. दिवाळीचा अख्खा बोनस त्यात गेला. वर मोठे इंजेक्टर, आणि बॉनेटखाली फ्युएल रेलवर चकाचक प्रेशर गेज. त्या गेजनेच गेले तीन आठवडे साहेबांची झोप उडवली होती.

"सकाळी ३.५ बार, ऑफिसमधून येताना ३. गरम झाला की पंप दम टाकतो रे!"

भीती खोटी नव्हती. टर्बो जोरात असताना पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण लीन होतं, इंजिन नॉक करतं, पिस्टनसुद्धा वितळतो. नव्या पंपासाठी पुढचा पगार बाजूला काढून झाला होता. शनिवारी मीच म्हटलं, आधी चाचांना दाखवू.

चाचांनी रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली. ती लावलेली असली की आयडलिंगला दाब अर्धा-एक बारने कमीच दिसतो आणि ०.८ बार बूस्ट आला की तेवढाच वाढतो. म्हणून खरा बेस प्रेशर नळी काढूनच बघायचा. या गाडीचा हवा ३. काटा बरोब्बर ३ वर. मग त्यांनी प्लग खोलले. काळेकुट्ट!

"पेट्रोल कमी पडतंय म्हणतोस ना? मग ही काजळी कुठून आली? स्क्रूला हात लावलास?"

मित्राने मान खाली घातली. पहिल्याच आठवड्यात, गरम इंजिनवर काटा २.५ दिसला म्हणून त्याने स्क्रू पिळून ३ केला होता.

चाचांनी गेजच्या डोक्यावरच्या रबरी बुचात सुई खुपसली. फुस्स! काटा टुणकन ३.५ वर.

भानगड अशी, की हे गेज ग्लिसरिन भरून सीलबंद केलेलं असतं. बॉनेटखालच्या उष्णतेने आतली हवा फुगते, काट्याला मागे ढकलते. पंप ठणठणीत होता. उलट ३ चा ३.५ झाल्यावर इंजेक्टर सुमारे ८ टक्के जास्त पेट्रोल ओतत होते. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेतो, फुल थ्रॉटलला कोण घेणार?

चाचांनी स्क्रू सैल करून ३ वर आणला, नळी लावली, प्लग पुसले. पंपाचे पैसे वाचले म्हणून मित्र खूश. मी बिर्याणीची आठवण करून दिली, तर स्वारी म्हणते, "पुढच्या महिन्यात मोठा इंटरकूलर बघतोय."