हायडेलबर्ग : एका दिवसाची सहल

कुठे : नैऋत्य जर्मनीत, नेकार नदीच्या काठी. फ्रँकफर्टहून रेल्वेने साधारण तासाभराचा प्रवास.

किल्ला : तांबड्या वालुकाश्मात बांधलेला. फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ मध्ये त्याची नासधूस केली. डागडुजी सुरू असतानाच १७६४ मध्ये वीज पडून आग लागली. त्यानंतर बराचसा भाग भग्नच राहिला.

वर कसे जाल : कॉर्नमार्क्ट चौकातून दोरखंडाने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे. दम असेल तर पायऱ्या.

चुकवू नका : तळघरातले १७५१ चे अवाढव्य लाकडी पिंप. त्यात सुमारे २ लाख २० हजार लिटर वाइन मावत असे. किल्ल्यातच जर्मन औषधशास्त्राचे संग्रहालयही आहे.

गावात : १७८८ चा दगडी जुना पूल आणि १३८६ मध्ये स्थापन झालेले, जर्मनीतील सर्वांत जुने विद्यापीठ. संपूर्ण किल्ला नजरेत भरतो तो नदीपलीकडच्या ‘फिलॉसॉफेनवेग’ या टेकडीवरच्या पायवाटेवरून. दुपारनंतरचा वेळ तिच्यासाठी राखून ठेवा.

महाराष्ट्राशी नाते : खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या ओव्यांचे थोर अभ्यासक गुंथर सोन्थायमर याच विद्यापीठात शिकवत.