अलिबागचा पांढरा कांदा व त्याचे बियाणे

रायगड किनाऱ्यावरील ज्या मोजक्या मालाने आपले नाव दूरवर नेले, त्यांत अलिबागचा पांढरा कांदा अग्रभागी गणला पाहिजे. सन २०२२ मध्ये त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाचे रक्षण होईल. गुणांचे रक्षण मात्र शेतकऱ्याच्याच हाती आहे.

भात निघाल्यावर त्याच जमिनीत हे पीक घेतात. थंडीत रोपांची लावणी होते व उन्हाळ्याच्या तोंडी कांदा निघतो. माना पडू लागताच पाणी तोडावे. उपटलेला कांदा पातीसह सुकवून पातीचीच वेणी घालतात व माळा टांगून ठेवतात.

कांदा चिरला असता त्यातील गंधकयुक्त द्रव्यांपासून तिखटपणा उत्पन्न होतो. ही द्रव्ये या कांद्यात कमी असल्याने तो गोड लागतो. शिजविल्यावर कोणताही कांदा गोडच होतो. सबब याची खरी परीक्षा कच्चा खाण्यात, भाकरीबरोबर किंवा कोशिंबिरीत होते. रंग पांढरा म्हणून सर्व पांढरे कांदे सारखे नव्हेत. सुकवून भुकटी करण्याकरिता जो पांढरा कांदा पिकवितात, त्याची जात निराळी. बाजारात परक्या मालाची माळ अलिबागची म्हणून खपते, ती या सारखेपणामुळेच.

आता बियाण्याविषयी. कांद्याचे परागीभवन मधमाश्यांकडून होते. शेजारी लाल कांद्याचे गोंडे फुलले असल्यास पुढील पिकात भेसळ आलीच म्हणून समजावे. याकरिता दोन जातींच्या बीजोत्पादनाच्या शेतांत निदान एक हजार मीटर अंतर असावे. बियासाठी मध्यम आकाराचे, बारीक मानेचे, घट्ट व शुभ्र कांदेच निवडावे. जोडकांदे व डेंगळे आलेले कांदे कटाक्षाने वगळावे. कांद्याचे बी वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागते; आमच्या दमट हवेत तर त्याहून लवकर. म्हणून ते चांगले सुकवून हवाबंद भांड्यात ठेवावे व दरसाल नवे बी वापरावे.

पहिल्या बाजारात उत्तम माळेस चांगला भाव येतो व ती विकण्याचा मोह होतो, हे आम्ही जाणतो. परंतु उत्तम माळ विकून उरलेसुरले कांदे बियास ठेवल्यास काही वर्षांत मानांकन कागदावर राहील व कांदा मात्र नाहीसा होईल. सबब प्रत्येक बागाइतदाराने आपली पहिली माळ बियाण्यासाठीच राखावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.