निंबाचा शेंडेमर रोग : द्रव्यसंग्रहापूर्वीचे परीक्षण
कुंभार पिंपळगाव परिसरातील बांधावरचा निंब आम्हां वैद्यांस पंचांगाने उपयोगी. त्याचे शेंडे वरून खाली वाळू लागल्यास दोष केवळ अवर्षणास देऊ नये. यामागे बहुधा फोमोप्सिस अझाडिरॅक्टी ही बुरशी असते. २०२१ मध्ये तेलंगणात असंख्य निंब असेच वाळले. ती पावसाळ्यात बळावते, मोहोर करपविते, फळे कुजविते व बियांतूनही पसरते. ढेकण्या किडीने रस शोषल्यास कोवळ्या फांदीवर तपकिरी चट्टे उमटतात, तेही तपासावेत.

रोगट फांद्या थोड्या निरोगी भागासह छाटून जाळाव्यात. प्रत्येक झाडानंतर कोयता निर्जंतुक करावा. औषधनिर्मात्यांनी डागाळलेली पाने, कुजकी फळे व रासायनिक फवारणी झालेल्या झाडांचा माल नाकारावा. वृक्ष मात्र घाईने तोडू नये. पुष्कळदा त्यास पुन्हा पालवी फुटते.